रोयणीची माती

"तुमच्या वसाहतीत हॉल कसा झाला?" असं हल्ली बरेच जण विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते. हॉल नव्हे, मांड, म्हणजे गावाने जमून नाचगाणी करायची मातीची जागा. हा फरक समजावण्यातच आमचा निम्मा काळ गेला.

आम्ही मूळचे कुर्डीचे. गोव्याच्या सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणात गेलं आणि आमच्या लोकांना वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींत जागा मिळाली. मी तेव्हा लहान होते. गावातलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड न् दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभं केलं. मांडाला दगडच नव्हते, उतरवणार काय? शेणाने सारवलेली जमीन आणि तुळस, बस्स. आमच्या घरच्या नुकसानभरपाईच्या कागदांत नारळाची झाडं मोजलेली आहेत. मांडाचा उल्लेख नाही.

वसाहतीत आल्यावर पौषातले धालो, म्हणजे बायकांची ओळीतली नाचगाणी, कुणाच्या तरी अंगणात व्हायचे. दोन्ही ओळी समोरासमोर उभ्या राहिल्या की एकीची पाठ भिंतीला लागायची. शिगम्यात नाचता नाचता दोरांची वेणी विणतात त्या गोफाचे तर आणखी हाल. दोर टांगायला वर भक्कम काहीतरी लागतं, आणि एकदा पोरांनी ते थेट विजेच्या खांबाला बांधले! त्यानंतर गोफ बंदच पडला. मुली धालो शिकल्या त्या स्पर्धेसाठी. घड्याळ लावून, माईकवर. मला ते बघवायचं नाही, पण अगदी नसण्यापेक्षा ते बरं होतं हेही खरं.

आधी संस्था नोंदवली. त्याला किमान सात सभासद लागतात. सह्या करणारे सात मिळायला वेळ लागला, अध्यक्ष व्हायला मात्र अर्धी वसाहत तयार होती. मग जागा. वसाहतीच्या मधोमध एक मोकळा तुकडा आहे, तो आपलाच असं आम्ही धरून चाललो होतो. जमीन कुणाची ते दाखवणारा एक-चौदाचा उतारा काढला तर त्यावर सरकारचं नाव. तिथून ज्या खेपा सुरू झाल्या त्या सांगत बसत नाही. अर्जात आम्ही मोठ्या दिमाखात लिहिलं होतं की हे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. या नावाने फाईल धावेल असं वाटलं होतं. ती धावली नाही, उलट एका कार्यालयात हरवली. आमच्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का होता म्हणून पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं नाही. दुसऱ्या कुणी या वाटेने जाणार असेल तर एवढंच सांगेन, शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ग्रामसभेचा ठराव, जमीन वापर बदलाची सनद, नगरनियोजनाची मंजुरी, आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला, पंचायतीचा परवाना हे सगळं सावकाश का होईना, झालं.

खरी भांडणं नकाशावर झाली. इंजिनियरने चार भिंतींचा, फरशी घातलेला, सरकत्या खिडक्यांचा हॉल काढून आणला. माझ्या काकीने कागद हातात घेतला, सुलटा-उलटा करून बघितला आणि विचारलं, "माती खंय?" माती कुठे? शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांना तियात्रासाठी, म्हणजे त्यांच्या कोंकणी नाटकासाठी, स्टेज हवं होतं, आणि पडद्यापुढे उभं राहून कांतार, म्हणजे त्यातली गाणी, म्हणायला जागा. आमच्या जत्रेतल्या नाटकवाल्यांनाही स्टेज हवंच होतं, फक्त विंगा किती यावर त्यांचं आपसांत जमेना. शेवटी एका टोकाला चिऱ्यांचं स्टेज आणि त्याच्यापुढे मातीचा मांड असं ठरलं. भिंती गाळल्या. त्यातून वाचलेल्या पैशांत छपरावर पत्र्यांऐवजी कौलं आली. सांग्याचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, नाटकाचं कुठून येणार!

माती कुर्डीचीच घालायची ही कल्पना माझी. मे महिन्यात पाणी ओसरलं की आमची माणसं कुर्डीतल्या सोमेश्वराच्या देवळात जातात. त्या दिवशी काकाने विहिरीच्या कठड्यावरून अंदाज घेत जुन्या मांडाची जागा दाखवली आणि आम्ही तिथली सहा पोती भरून आणली. पसरली, भिजवली, पेटण्याने, म्हणजे लाकडी चोपण्याने, चोपली. मी फोटोही काढले. तिसऱ्या दिवशी तळहाताएवढे तडे गेले आणि कडा वाळत घातलेल्या पापडासारख्या वर वळल्या. काकीने पायाच्या अंगठ्याने एक खपली उचकटली.

"हो गाळ. रोयणीची माती हाडा." हा गाळ आहे, रोयणीची माती आणा.

इतकी वर्षं पाण्याखाली राहिलेली ती जमीन. वर नुसता गाळच बसलेला. मला वाईट वाटलं ते काकीला दिसलं असावं, पण ती काही बोलली नाही. सगळं खरवडून आम्ही तुळशीच्या बुंध्याशी घातलं.

रोयण म्हणजे वारूळ. पण आमच्याकडे सातेरी देवी रोयणीच्या रूपात पुजतात, त्यामुळे दिसली रोयण की मार कुदळ असं चालत नाही. काकी स्वतः काजूच्या बागेत फिरली, तीन रोयणी सोडून दिल्या आणि एका ओसाड, ढासळलेल्या रोयणीपुढे नारळ ठेवला. ती माती मात्र अशी बसली की सारवल्यावर हात फिरवला तर एक खडा लागत नव्हता.

पौषात धालो झाले. काकी ओळीत उभी राहिली, गुडघे दुखतात म्हणून तिसऱ्या गाण्याला बसली आणि बसल्या जागेवरून पुढच्या मुलींच्या चुका काढत राहिली.

गोफाचा आकडा मात्र मध्यावर नाही. तुळई जिथे आली तिथे मिस्त्रीने तो ठोकला, वीतभर डावीकडे. शिगम्याच्या तालमीत पोरं फेर धरतात तेव्हा एका बाजूचे दोर ताणले जातात आणि दुसऱ्या बाजूचे ढिले पडून वेणी तिरकी उतरते. आकडा काढायचा तर वरची कौलं उतरवावी लागतील. तोवर पोरांनी फेरच वीतभर डावीकडे सरकवलाय.