लोड डेटाची वर्गणी भरावी का?

वरणगाव-भुसावळ पट्ट्यात काडतूस म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वरणगावच्या आयुध निर्माणीत छोट्या शस्त्रांची काडतुसं बनतात, भुसावळच्या निर्माणीत दारूगोळ्याच्या पेट्या आणि डबे. ऑक्टोबर 2021 मध्ये दोन्हींच्या पाट्या बदलल्या, एक म्युनिशन्स इंडियाकडे गेली, दुसरी यंत्र इंडियाकडे. पण गावाच्या तोंडी अजून नुसती 'फॅक्टरी'च आहे. अशा घरांतली पोरं नोकरीसाठी टेक्सास-ओहायोला गेली आणि तिथे रायफल क्लबात रमली, तर पुढे रिलोडिंगच्या, म्हणजे झाडलेलं काडतूस नवी दारू आणि गोळी घालून पुन्हा भरण्याच्या, नादाला लागणारच. मग प्रश्न येतो तो हा: काडतुसात कुठली पावडर (दारू) किती भरायची याचे आकडे, म्हणजे लोड डेटा, पावडर कंपन्या फुकट देतात, तरी ऑनलाइन डेटाची वर्गणी भरायची का?

इथलं आधी स्पष्ट सांगतो. भारतात घरी काडतूस भरणं हा छंद नाही, गुन्हा आहे. बंदुकीचा परवाना बंदूक बाळगण्यापुरता असतो. दारूगोळा बनवायला शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 खाली वेगळा परवाना लागतो. तेव्हा पुढचं सगळं जिथे कायदा हे करू देतो तिथे बसलेल्यांसाठी. बाकीच्यांनी फॅक्टरीतल्या काका-मामांच्या गप्पा समजायला म्हणून वाचावं.

माझं उत्तर: एक-दोन कॅलिबर (काडतुसाची मापं) भरणाऱ्याला वर्गणीची गरज नाही. त्या पैशात छापील मॅन्युअल घ्यावं, तेही एकाच कंपनीची दोन नव्हे, दोन वेगळ्या कंपन्यांची एकेक. एक गोळी बनवणाऱ्या कंपनीचं आणि एक असं, ज्यात सगळ्या कंपन्यांच्या गोळ्या आहेत. हॉजडन, अलायंट, व्हिटावुओरी हे पावडरवाले आपापला डेटा ऑनलाइन फुकट देतात. म्हणजे तिसरा आणि चौथा स्रोत आपोआप हाताशी येतो.

आता हा डेटा म्हणजे नेमकं काय विकत मिळतं ते जवळून बघू, कारण घोळ तिथेच होतो. चांगल्या नोंदीत एका ओळीत इतकं तरी असतं: गोळीची कंपनी, वजन आणि आकार, केस (काडतुसाचं टरफल) कुणाची, प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) कुठला, पावडरचं पूर्ण नाव, सुरुवातीचा आणि कमाल चार्ज (भरायच्या पावडरीचं वजन), काडतुसाची एकूण लांबी, बॅरलची लांबी, वेग, आणि दाब कुठल्या एककात मोजला. यातले तीन रकाने कोरे असले तर ती ओळ फुकटातही महाग. '168 ग्रेनची गोळी' (ग्रेन हे वजनाचं एकक) एवढंच लिहिलं तर काही कळत नाही. शिशाचा गाभा असलेली 168 ग्रेनची गोळी आणि सबंध तांब्याची 168 ग्रेनची गोळी यांचं वजन सारखं, पण तांबं हलकं, म्हणून ती गोळी लांब होते. लांब गोळी केसमध्ये खोल बसते, आतली जागा खाते, आणि दाब वाढतो. कमाल चार्ज दोघींना सारखा धरायचा नाही.

दाबाच्या एककाची गंमत वेगळी. .308 विंचेस्टर या काडतुसाची सामीने (काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकेतली उत्पादकांची संस्था) ठरवलेली कमाल मर्यादा 62,000 पीएसआय (पौंड दर चौरस इंचाला) आहे. जुन्या पुस्तकांत तीच 52,000 सीयूपी लिहिलेली दिसते. हे दोन आकडे म्हणजे मर्यादा वाढवली असं नव्हे. सीयूपीत तांब्याची छोटी दंडगोल चुरगळते किती, त्यावरून दाब काढतात; पीएसआयचा आकडा आजकाल दाबमापक स्फटिकातून येतो. एकाला ठरावीक संख्येने गुणून दुसरा मिळत नाही. वर्गणीच्या संग्रहात 1970 च्या दशकातले आणि आजचे लोड एकाच तक्त्यात शेजारी बसलेले असतात, एकक मात्र बारीक अक्षरात. तिथे डोळे उघडे ठेवायचे.

नावांचं तसंच. आयएमआर 4350 आणि एच 4350 या दोन वेगळ्या पावडरी आहेत, अंकसाम्यावर जाऊन एकीचा चार्ज दुसरीला लावायचा नाही. उलट एच 110 आणि विंचेस्टर 296 या नावं वेगळी असूनही एकच पावडर. तिचा चार्ज फार कमी केलेला चालत नाही, पेटणं अनियमित होतं. एरवी दहा टक्के खालून सुरुवात करा हा नियम सर्रास सांगितला जातो, पण तो या पावडरीला लावायचा नाही. कंपनीने त्या पावडरीसाठी दिलेला किमान आकडाच खरा. सर्च करून ओळ मिळवणाऱ्याला असल्या तळटिपा दिसतच नाहीत. पान उलटून वाचणाऱ्याला दिसतात. कागदी पुस्तकाच्या बाजूने माझा कल आहे तो मुख्यतः यासाठी.

मग वर्गणी कुणाला परवडते? ज्याच्याकडे जुन्या, बंद झालेल्या किंवा फारसं कुणी न वापरणाऱ्या कॅलिबरच्या चार-सहा रायफली आहेत त्याला. अशा काडतुसांचा डेटा नव्या मॅन्युअलांतून गळत जातो, जागा नव्या कॅलिबरना द्यावी लागते. मासिकांच्या पन्नास-साठ वर्षांच्या अंकांतले लोड एकत्र करून देणारे संग्रह तिथे खरंच कामाला येतात. दुसरा, ज्याला दुकानात जी पावडर मिळेल ती घ्यावी लागते तो. 2020 नंतर अमेरिकेत प्रायमर आणि पावडरीची टंचाई झाली तेव्हा नेहमीच्या पावडरीऐवजी हातात पडली तीच वापरायची वेळ अनेकांवर आली, आणि ती पावडर आपल्या काडतुसाला चालते का हे एका जागी बघायला असा संग्रह बरा. एकच कॅलिबर भरणाऱ्याने सबंध संग्रह घेणं म्हणजे एका केळीच्या रोपासाठी अख्खी नर्सरी विकत घेणं. काही कंपन्या ॲपमध्ये एकेका कॅलिबरचा डेटा सुटाही विकतात. अशाला तो पुरे.

तिसरा प्रकार सॉफ्टवेअरचा. क्विकलोड विकत घ्यावं लागतं, गॉर्डनचं टूल फुकट मिळतं. दोन्ही दाब मोजत नाहीत, गणिताने अंदाज काढतात, आणि अंदाज आत घातलेल्या आकड्यांइतकाच खरा. सगळ्यात जास्त चुकतो तो केसच्या आतल्या जागेचा आकडा. तो कंपनीचा आयता न घेता स्वतः मोजायचा. आपल्याच रायफलीतून झाडलेल्या पाच केस घ्या, रिसाइज करू नका (साच्यात दाबून मूळ मापावर आणू नका), जुना प्रायमर काढू नका, म्हणजे बूड बंद राहतं. कोरडी केस तोला. ड्रॉपरने काठोकाठ पाणी भरा, वरचा फुगवटा टिश्यूच्या टोकाने टिपून सपाट करा, पुन्हा तोला. फरक म्हणजे त्या केसमध्ये मावणारं पाणी, ग्रेनमध्ये. पाचांची सरासरी घ्या. आत बुडबुडा अडकला तर आकडा कमी येतो, म्हणून केसवर बोटाने टिचकी मारायची. आता वेगवेगळ्या कंपन्यांच्या केस मोजून पाहा. लष्करी 7.62 × 51 ची, म्हणजे .308 च्या लष्करी भावंडाची, केस भिंतीला जाड असते, तिच्यात पाणी कमी मावतं, म्हणून .308 चा कमाल चार्ज तिला जसाच्या तसा लावला की दाब चढतो.

तराजूचं सांगायचं तर जळगावच्या सराफाला हे पटकन पटेल. एक ग्रेन म्हणजे 64.8 मिलिग्रॅम. रिलोडिंगला 0.1 ग्रेन, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत तोलावं लागतं. 10 मिलिग्रॅमच्या टप्प्याने चालणारा काटा इथे कमी पडतो, कारण त्याचा एक टप्पाच दीड दशांश ग्रेनहून मोठा. 1 मिलिग्रॅमचा काटा हवा. त्याबरोबर चेक वेट (काटा तपासायची वजनं) हवीत, आणि ती तोलायच्या चार्जच्या आसपासच्या वजनाची. 50 ग्रॅमच्या वजनाने काटा जुळवून 2.6 ग्रॅमचा चार्ज तोलला तर खालच्या टोकाची चूक पकडली जात नाही. फोन शेजारी ठेवू नका, पंख्याचा वारा लागू देऊ नका. एककाचं बटण तर दर वेळी बघा: काट्यावर जी (ग्रॅम) आणि जीएन (ग्रेन) ही अक्षरं सारखीच दिसतात, आणि दोन्हींत पंधरा पटींहून जास्त अंतर आहे.

डेटा कुठूनही आणा, पैसे देऊन वा फुकट, तो दुसऱ्याच्या बॅरलचा असतो. रावेरच्या काळ्या जमिनीचं ठिबक-खताचं वेळापत्रक पारोळ्याच्या हलक्या जमिनीत उतरवलं तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तेच इथे. प्रयोगशाळेतली चाचणी-बॅरल घट्ट मापाची आणि बहुधा 24 किंवा 26 इंची. तुमची 20 इंची असेल तर वेग कमीच येणार. पुस्तकातला वेग गाठायचा म्हणून चार्ज वाढवत नेणं, यातूनच बहुतेक भानगडी होतात. एका काडतुसाला तीन स्रोतांत तीन वेगळे कमाल आकडे सापडले तर सगळ्यात खालचा धरायचा, आणि त्याच्याही खालून टप्प्याटप्प्याने वर यायचं. केस, प्रायमर, गोळी किंवा पावडरची लॉट यातलं एकही बदललं की पुन्हा खालून.

प्रायमर चपटा होणं, केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) ठसा, काडतूस आत बंद करणारा बोल्ट जड उठणं, या दाबाच्या खुणा म्हणून सगळे सांगतात. खुणा खऱ्या आहेत, पण उशिरा येतात. त्या दिसेपर्यंत मर्यादा मागे पडलेली असू शकते. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) आधी बोलतो: तुमची बॅरल पुस्तकातल्याइतकी किंवा त्याहून आखूड असताना वेग पुस्तकाच्या पुढे गेला, तर दाबही पुढे गेला असं समजून थांबायचं. वर्गणी की क्रोनोग्राफ असा प्रश्न असेल, तर क्रोनोग्राफ. दुसरं उत्तर मला सुचत नाही.

उन्हाचं एक राहिलं. भुसावळच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो हे आपण जाणतो; ॲरिझोनातही तसंच. जानेवारीत कमाल चार्जवर बसवलेला लोड मोटारीच्या डिकीत तापला की अनेक पावडरींचा दाब वाढतो. काही पावडरी तापमानाला कमी दाद देतात, हॉजडनची एक्स्ट्रीम मालिका त्यातलीच, पण अशा माहितीचा रकाना विकतच्या तक्त्यातही सहसा नसतो. तेव्हा डब्यातली काडतुसं सावलीत, आणि लोडची चाचणी उन्हाळ्यात.

वर्गणी घ्यायचीच ठरली तर एक महिन्याची किंवा चाचणीची सोय आहे का ते बघा. आपल्या कॅलिबरच्या नावाने शोधा, वर सांगितलेले रकाने भरलेले आहेत का ते पाहा, आणि त्याच पावडरीचा कंपनीचा चालू फुकट आकडा शेजारी ठेवून दोन-चार ओळी ताडून घ्या. संग्रहातला कमाल आकडा कंपनीच्या आजच्या आकड्याहून वर दिसला तर ती ओळ जुनी समजा, वापरू नका. वर्गणी संपली की डेटा दिसेनासा होतो, म्हणून वापरात असलेल्या ओळी स्रोत आणि तारखेसह वहीत उतरवा. रेंजवर मोबाइलला रेंज नसते तेव्हाही वहीच उघडते. आणि कार्ड नंबर देताना आपोआप नूतनीकरणाची खूण काढून टाका, ती बहुतेक ठिकाणी आधीच लावलेली असते.