शाळेचा गट घेऊन पून हिल: आमची तयारी कशी असते

नेपाळमधला घोरेपाणी–पून हिल हा ट्रेक सह्याद्रीत फिरलेल्या मुलांना झेपतो. वाट रुंद, मुक्कामाला लॉज, सर्वांत उंच ठिकाण म्हणजे पून हिल, घोरेपाणी गावातून पहाटे अंधारात चढायची ३२१० मीटर उंचीची टेकडी. शाळेचा गट अडकतो तो दोन जागी: विमानतळावरच्या चेक-इन काउंटरवर आणि घोरेपाणीच्या रात्री. आमची निम्मी तयारी या दोन जागांसाठीच असते.

नेपाळला व्हिसा लागत नाही म्हटल्यावर पालक निर्धास्त होतात. पण विमानाने जाताना मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. १५ वर्षांखालच्या मुलांचं आधार कार्ड चालतं. १५ ते १८ वयाच्या मुलांचं चालत नाही, त्यांना मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे नववीच्या एकाच वर्गात दोन नियम! त्यात काउंटरवरच्या माणसाला हा तपशील माहीत असेलच असं नाही. म्हणून आम्ही सरळ सगळ्यांचा पासपोर्ट मागतो. सहा महिने आधी यादी करा आणि प्रत्येक पासपोर्ट स्वतः उघडून बघा. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत पाचच वर्षं असते. घरच्यांनी मोठ्यांसारखी दहा धरलेली असते. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं, हजेरीपटाप्रमाणे नव्हे. शिक्षण विभागाची परवानगी आणि दोन्ही पालकांच्या सह्यांचं संमतीपत्र हे वेगळंच. संमतीपत्रात उपचारांची परवानगी स्पष्ट शब्दांत लिहून घ्या.

तारखा दिवाळीच्या सुट्टीतच बसतात, आणि हवाही तेव्हाच उत्तम असते. अडचण एकच: आपली दिवाळी तीच नेपाळची तिहार. भाऊबीजेला तिथे भाईटीका असते, गाईड आणि पोर्टर घरी जातात. चालायला भाऊबीजेनंतर सुरुवात केली की माणसंही मिळतात आणि कुणाचा सणही मोडत नाही. २०२३च्या एप्रिलपासून परदेशी ट्रेकरना गाईड बंधनकारक आहे. हा ट्रेक ज्यात येतो त्या अन्नपूर्णा क्षेत्राच्या परमिटला सार्क देशांच्या, म्हणजे आपल्याही, नागरिकांकडून १००० नेपाळी रुपये घेतात. १ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी. फोटो प्रत्येकी चार न्या. वाटेत एटीएमच्या भरवशावर राहू नका, रोकड ट्रेकआधीच्या पोखरा शहरातच बदलून तीन शिक्षकांत वाटून ठेवा.

आता उंची. जीप हल्ली वाटेवरच्या उल्लेरी गावापर्यंत जाते, त्यामुळे सकाळी पोखरा सोडून संध्याकाळी घोरेपाणी गाठता येतं. एक दिवस वाचतो, म्हणून एजंटही हेच सुचवतात. शाळेच्या गटाला हे अजिबात करू नये. पोखरा साधारण ८२० मीटरवर, घोरेपाणी २८६० वर. एका दिवसात दोन हजार मीटर चढून तिथेच झोपायचं म्हणजे रात्री डोकेदुखी आणि उलट्यांचा धोका. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. सह्याद्रीत कितीही चाललं तरी या विरळ हवेची सवय होत नाही. पहिली रात्र उल्लेरीत किंवा थोडं वर बनथांटीत काढा. शक्य असेल तर उल्लेरीच्या खालच्या तिखेढुंग्यापासून पायीच चढा. उल्लेरीच्या तीन हजारांवर दगडी पायऱ्या मुलांचा वेग आपोआप ताब्यात ठेवतात.

मुलं त्रास लपवतात. पून हिल हुकेल या भीतीने डोकं दुखतंय हे कुणी सांगत नाही. म्हणून नुसतं विचारू नका, ताट बघा. चार तास चाललेला मुलगा डाळभाताला हात लावत नसेल, गप्प बसला असेल, तर आम्ही ते विरळ हवेचंच लक्षण धरतो. असा मुलगा पहाटे वर जात नाही, एक शिक्षक त्याच्याबरोबर थांबतो. त्रास वाढला, तोल जायला लागला, तर रात्र असली तरी त्याला खाली उतरवायचं, सकाळची वाट बघायची नाही. वेदनाशामक गोळ्या मुलांच्या खिशात ठेवू नका. त्या शिक्षकाकडे आणि दिलेल्या गोळीची वेळ वहीत. विरळ हवेचा त्रास टाळायची डायमॉक्स ही गोळी द्यायची की नाही, हे निघण्याआधी बालरोगतज्ज्ञ वजन पाहून ठरवतील.

दहा मुलांमागे एक शिक्षक आणि त्यावर एक जास्तीचा धरा. तो जास्तीचा माणूस नसेल तर एकाला खाली नेताना अख्खा गट परततो. सर्वांत पुढे चालणाऱ्या फ्रंट लीडच्या मागे सर्वांत हळू चालणारी मुलं आणि शेवटी चालणारा बॅक लीड अनुभवी, ही मांडणी मोडू देऊ नका. दोन मुलांमागे एक पोर्टर. प्रत्येकाची सॅक दहा किलोच्या आत, घरीच काट्यावर तोलून.

पून हिलवर थंडी बाधते ती घामाने. सुमारे साडेतीनशे मीटरचा चढ अंधारात, जॅकेट घालून मुलं चढतात, आतला सुती टीशर्ट भिजतो आणि वर वाऱ्यात उभं राहिल्यावर दात वाजायला लागतात. जॅकेट सॅकमध्ये ठेवून चढा, वर पोचल्यावर कोरडा थर्मल घाला, मग धौलागिरी बघा. बुटांनी घरी निदान दोन ट्रेक केलेले हवेत. परतीच्या वाटेवर ताडापानी ते घांद्रुकच्या उतारावर नवे बूट नखं काळी करतात.

विमा घेताना तीन गोष्टी लेखी मागा: ४००० मीटरपर्यंत ट्रेकिंग, हेलिकॉप्टरने सुटका, अठराखालची मुलं. हेलिकॉप्टर उडण्याआधी पैशाची हमी मागतात, म्हणून विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा नंबर गाईडकडेही द्या.

परतीचं विमान काठमांडूहून असेल तर मधे एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. पोखरा–काठमांडू अंतर २०० किलोमीटर असलं तरी आठ तास धरावे लागतात, आणि दरड आली तर तेवढ्यातही भागत नाही.