आजीच्या इरकलीची वाकळ : फेरे पदरापाशी आले

चारी कडांचे फेरे झाले, धावदोरा आता आत सरकत मधल्या पदराजवळ आलाय. वरचा थर आजीच्या सुती इरकल लुगड्याचा, पोटात आजोबांची धोतरं, तळाला आईची जुनी साडी. नऊवार साधारण 8 मीटर भरतं, म्हणजे एका लुगड्यात एकेरी वाकळेचे तीन थर सहज निघतात. मी मात्र त्यातले निवडक तुकडेच घेतले आणि सगळे वर लावले.

लुगडं अंगणात पसरलं तेव्हा झीज सगळीकडे सारखी नव्हती. कासोट्याच्या भागाला जाळी पडलेली. गुडघ्यावरचा पट्टा फिका आणि मऊ, खुरपायला बसलं की तोच मातीला घासायचा. निऱ्यांच्या आत राहिलेला रंग अजून गडद आहे. ओच्याच्या जागी तांबूस डाग. आजीचा माझ्याकडे एकच फोटो आहे, लग्नातला, ताठ उभी असलेला. तिचं रोजचं बसणं-उठणं मला या कापडात पहिल्यांदा दिसलं.

आत्या म्हणाली, "पोरी, इरलेलं पोटात घालावं, वर घट्ट कापड घ्यावं." रोज अंथरायच्या वाकळेला तिचंच खरं. पण ही झीज झाकायला माझं मन होईना. विरलेल्या तुकड्यांखाली धोतर दुहेरी घेतलं आणि तिथं दोन फेऱ्यांमधलं अंतर अर्ध्या बोटावर आणलं. टाके दाट पडले की कापड धरून राहतं. आत्यानं हात फिरवून पाहिलं आणि सुई घेऊन शेजारी बसली. डागांचं तिनंच सांगितलं: भुईमूग काढून आल्यावर आजी ओचा सोडायची, मातीसकट ओल्या शेंगा ओसरीवर पडायच्या आणि ही भावंडं त्यावर तुटून पडायची. ते डाग आता वाकळेच्या उशाकडे घेतलेत.

पदराचं काम नाजूक आहे. इरकलीत अंगाचा ताणा (उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगळे असतात, फासे घालून जोडलेले. त्याला कोंडी म्हणतात. आजीचं सुती अंग टिकलंय, पण टोपे-तेणी नक्षीचा रेशमी पदर घड्यांवर चिरलाय. कोंडीला कात्री लावायची नाही म्हणून चार बोटं अंग ठेवूनच पदर कापला. इथं जाड सुई चालत नाही, बारीक सुई आणि एकेरी दोरा घेतेय.

चिरलेल्या रेशमामागे मलमल लावून मग धावदोरा घालावा असं वाटतंय. कुणी असं केलं असेल तर सांगा, मलमल आधी टाचून घेतलीत की पदरासोबतच शिवलीत?