माझा अनुभव: जांभळाची एक फांदी आणि सोसायटीच्या शिक्क्यासाठी ३९ दिवस

सरळ सांगते, यावर्षी उन्हाळ्याआधी बाग तयार करायला, म्हणजे छाटणी, माती बदलणं, बी टाकणं सगळं धरून, माझे चार रविवार गेले. आणि एका पत्रावर सोसायटीचा शिक्का मिळवायला ३९ दिवस. त्या ३९ दिवसांचा राग अजून उतरलेला नाही म्हणून लिहायला बसलेय, आणि ज्यांच्या खिडकीवर सोसायटीच्याच झाडाची सावली पडते त्यांच्या कामाला येईल म्हणूनही.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, हॉलची खिडकी पूर्वेला, तिला बॉक्स ग्रिल, आणि तीच माझी बाग. सतरा कुंड्या आहेत. दोन मोगरे, एक जास्वंद, गुलाब, कढीपत्ता, तुळस, एक अडेनियम, बाकी भाजीपाला. समोर कंपाउंडला लागून जांभळाचं झाड आहे, आम्ही राहायला आलो तेव्हापासून मोठंच. त्याची एक फांदी चार वर्षांत वाढत वाढत थेट ग्रिलला येऊन टेकली. आधी सकाळी आठ ते अकरा चांगलं ऊन यायचं, ते या डिसेंबरात पाऊण तासावर आलं. जांभळाची पानगळ अशी होत नाही, सावली बारा महिने दाट, त्यामुळे वाट बघून सुटणारी गोष्ट नव्हती ती.

आणि मुंबईत वाट बघायला वेळच कुठे असतो. संक्रांतीनंतर जेमतेम महिना-दीड महिना हवा बरी, मार्च लागला की दुपारी पारा पस्तिशीच्या वर जायला लागतो आणि टोमॅटोची फुलं गळतात. म्हणून बी जानेवारीतच पडायला हवं, मार्चमध्ये टोमॅटोचं बी टाकून काही उपयोग नाही.

४ जानेवारीला, रविवारी, मी सोसायटीच्या ऑफिसात अर्ज दिला. फांदी आपण होऊन तोडता येत नाही हे मला माहीत होतं. १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे, त्यात झाड बुंध्यातून पाडणं तेवढंच नाही, झाडाला इजा करणंही येतं, त्यामुळे परवानगी पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडून घ्यायची आणि झाड सोसायटीच्या आवारात असलं तर अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर हवा, सही-शिक्क्यासह. मी पत्राचा मजकूर टाइप करून, फांदीचे चार बाजूंनी फोटो लावून, सगळं तयार करूनच दिलं होतं. लेटरहेडवर प्रिंट काढायची, सेक्रेटरींनी सही करायची, शिक्का मारायचा. दहा मिनिटांचं काम.

सेक्रेटरी काका म्हणाले, "ताई, मीटिंगमध्ये ठेवूया." ११ तारखेला मीटिंग होती, कोरम झाला नाही. १८ तारखेला झाली, पण दोन तास पार्किंगवर भांडण चाललं आणि माझा विषय 'पुढच्या वेळी' गेला. २५ ला जोडून सुट्टी आली, निम्मी कमिटी बाहेरगावी. मधल्या दिवसांत मी ऑफिसवरून येताना रोज गेटवर विचारायचे आणि रोज "बघतो, ताई" ऐकून वर जायचे. मग कोणीतरी काढलं की त्या बाजूच्या सगळ्या फ्लॅटधारकांच्या सह्या घ्या. सहा फ्लॅट, त्यातला एक बंद, मालक पुण्याला. त्यांना फोन केला, त्यांनी व्हॉट्सॲपवर लगेच लिहून पाठवलं की हरकत नाही, तर कमिटी म्हणते कागदावर पाहिजे. शेवटी त्यांच्या भाच्याकडून सही केलेला कागद आला. हे सगळं का, तर उद्या कोणी तक्रार केली तर. आता मला सांगा, फांदी वादळात तुटून खाली लावलेल्या गाड्यांवर पडली तर तक्रार नाही का येणार? जांभळाचं लाकूड कटकन मोडतं, दर पावसाळ्यात आमच्याकडे एखादी फांदी पडतेच. पावसाळ्याआधी आपापल्या आवारातली झाडं छाटून घ्या म्हणून पालिका स्वतःच दरवर्षी सोसायट्यांना सांगते.

याच दिवसांत एकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कशाला एवढं, रविवारी वॉचमनला दोनशे रुपये द्या, कोयत्याने उडवून टाकेल. मी नाही म्हटलं आणि अजूनही मला ते बरोबरच वाटतं. कायदा तर आहेच, पण कोयत्याने मारलेली फांदी चिरफाळते, साल खोडापर्यंत सोलत जाते आणि त्या जखमेतून झाड कुजतं. मला तीन तास ऊन हवं होतं, जांभूळ मारायचं नव्हतं.

१ फेब्रुवारीला मीटिंगमध्ये विषय मंजूर झाला. मला वाटलं सुटले. दुसऱ्या दिवशी सही झाली, पण शिक्का नाही! शिक्का खजिनदारांच्या घरातल्या कपाटात, आणि खजिनदार आंगणेवाडीच्या जत्रेसाठी गावी गेलेले, घराला कुलूप. जत्रेला जाण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, आम्हीही कोकणातलेच, पण शिक्का सोसायटीचा आहे, तो सोसायटीच्या ऑफिसात राहायला नको? दहा दिवस सही केलेलं पत्र माझ्या टेबलावर पडून होतं. ते १२ तारखेला परत आले, मी त्याच रात्री साडेनऊला त्यांच्या दारात. त्यांनी शांतपणे डबी उघडली, शिक्का दोनदा शाईवर दाबला आणि मारला. जांभळ्या शाईचा गोल, एका बाजूला जरा पुसट. एवढ्यासाठी ३९ दिवस.

आणि या ३९ दिवसांत घरात काय चाललं होतं ते सांगते, कारण खरं नुकसान तिथे झालं. महिनाअखेर ऊन येईल या हिशोबाने मी १० जानेवारीलाच बी टाकलं होतं. चेरी टोमॅटो ३६, मिरची २४, प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे रोपांसाठीच्या खाचाखाचांच्या ट्रेमध्ये, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत मिसळून. टोमॅटो सहाव्या दिवशी वर आले, मिरचीला अकरा दिवस लागले, ती उशीराच उगवते, घाबरून उकरून बघू नका. आठवड्याभरात टोमॅटोची रोपं खिडकीकडे मान टाकून लांबायला लागली. उजेड कमी पडला की रोप जाड होत नाही, नुसतं उंच होतं, काडीसारखं पांढरट. मी ट्रे रोज फिरवत होते, तरी ती परत तिकडेच वळायची. आणि ३० तारखेला सकाळी बघते तर एका कोपऱ्यातली पाच रोपं आडवी. मातीला टेकलेल्या जागी देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला, तपकिरी, वरची पानं मात्र अजून हिरवी. मर रोग. दोन दिवसांत ३६ मधली २२ गेली. त्यात माझी चूक हीच की वारा नाही, ऊन नाही आणि मी रोज वरून पाणी घालत होते. पण ट्रे ग्रिलमध्ये उन्हात गेला असता तर ही वेळ आली नसती, हे मी कमिटीत सगळ्यांसमोर बोलले.

मग मात्र वाट बघणं सोडलं. एक साधी वीस वॅटची पांढरी एलईडी ट्यूब आणली, शू-रॅकच्या वरच्या फळीखाली बांधली, रोपांपासून चार-पाच इंचांवर, सकाळी सहा ते रात्री आठ चालू. चौदा तासांचं दिवसाला पाव युनिटच्या जरा वर जातं, बिलात काही जाणवलं नाही. महागडा ग्रो लाइट लागत नाही रोपांपुरता. दुसऱ्यांदा १ फेब्रुवारीला बी टाकलं, या वेळी कोकोपीट दोनदा धुऊन, त्यात ट्रायकोडर्मा, म्हणजे मर रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळून, आणि पाणी फक्त खालून, म्हणजे ट्रे परातीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून काढायचा. टेबल फॅन एक नंबरवर लांबून. ही रोपं बुटकी, जाडजूड आली, देठाला जांभळी झाक. दुसऱ्या खेपेत एकही गेलं नाही.

छाटणीचं सांगायचं राहिलं. मोगऱ्याला जानेवारीच्या शेवटी ताण दिला, म्हणजे सातेक दिवस पाणी जेमतेम, मग सगळी पानं ओरबाडून फूटभर ठेवून छाटला आणि वरची दोन इंच माती काढून शेणखत भरलं. दरवर्षी आईंचा जीव खालीवर होतो ते बोडकं झाड बघून, पण मोगऱ्याला नव्या फुटीवरच कळ्या येतात, न छाटलेला मोगरा नुसता पानं देतो. काप डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या जागेच्या, पाव इंच वर, तिरका, आणि सिकेटर (छाटणीची कात्री) आधी स्पिरिटने पुसून घ्यायचा. जास्वंदीवर मिलीबग (कापसासारखी पांढरी कीड) होता, तेवढ्या फांद्या कापून पिशवीत बांधून टाकल्या, बाकीवर नीमतेल, लिटरला पाच मिली आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, संध्याकाळीच. गुलाबाची मोठी छाटणी आत्ता करू नका, ती पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात, आत्ता फक्त सुकलेली फुलं काढा.

पत्र हातात आल्यावर पुढचं भराभर झालं. पालिकेचा माणूस येऊन बघून गेला, परवानगी आली, सोसायटीने ठेकेदार बोलावला, २७ फेब्रुवारीला फांदी निघाली. वर चढलेला मुलगा अगदी नीट काम करणारा होता. आधी फांदी दोराने बांधली, मग खोडापासून हातभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग वरून, त्यामुळे साल सोलली नाही, आणि शेवटी उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगवट्याला धक्का न लावता कापला. वरच्या बाजूला एक सुकी फांदी होती, ती तो काढणार इतक्यात थांबला आणि मला हाक मारली, "मॅडम, भोक आहे, पक्षी आहे." तांबट होता. फेब्रुवारी-मार्च म्हणजे त्यांचे घरटी कोरायचेच दिवस, ठोकल्यासारखा टुक टुक आवाज आम्ही रोज ऐकत होतो. ती फांदी तशीच ठेवली, तिची सावली काही पडत नाही.

२८ तारखेला सकाळी आठ वाजता ग्रिलच्या पहिल्या गजापासून शेवटच्या गजापर्यंत ऊन होतं, मी चहा घेऊन नुसती उभी राहिले. रोपं लगेच बाहेर ठेवली नाहीत हं, घरातल्या रोपांना एकदम ऊन दिलं तर पानं पांढरी पडून करपतात. पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, असं आठवडाभर, मग मोठ्या कुंडीत. भेंडी, गवार, काकडी मात्र ट्रेमध्ये करायची गरज नाही, त्यांना मूळ हललेलं चालत नाही, सरळ कुंडीत बी टाका. ग्रिलवर वजन पडू नये म्हणून माती निम्मीच ठेवा, बाकी कोकोपीट आणि खत.

तुमच्याकडे अशी फांदी असेल तर अर्ज दिवाळी झाली की द्या, जानेवारीत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, मी घेतली होती म्हणून मीटिंगमध्ये ४ जानेवारी दाखवता आली. आजूबाजूच्या फ्लॅटच्या सह्या मागायच्या आधीच जोडा. आणि शिक्का कोणाच्या घरी असतो ते आधी विचारून ठेवा.

आज मोगऱ्याला पहिल्या कळ्या दिसल्या, हिरव्या, साबुदाण्याएवढ्या. दुसऱ्या खेपेची टोमॅटोची सगळी रोपं जगली आहेत, त्यातली दोन सेक्रेटरी काकांच्या बायकोला दिली, त्यांच्या खिडकीतही आता ऊन येतं.

अरे हो, अडेनियम छाटणार असाल तर हातमोजे घाला, त्याचा चीक विषारी असतो, डोळ्याला हात लावू नका आणि छाटल्यावर चार-पाच दिवस पाणी देऊ नका. माझं अजून राहिलंय, येत्या रविवारी करते.