‘पाण्याला जाऊ का, बाई?’

जूनमध्ये नवीन मूल क्लासला घालायला आईवडील येतात तेव्हा त्याची ओळख ठरलेली असते. "तसा हुशार आहे हो, पण लक्षच नसतं." "सगळं मस्तीत घालवतो." आणि निघताना, दारात चपला घालता घालता, "मारा मॅडम खुशाल, आमची परवानगी आहे." पोरगं शेजारीच उभं असतं, फरशीकडे बघत. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेत मारायला बंदी आहे, मानसिक छळालाही आहे. तो कायदा शाळांसाठी, पण माझ्या हॉलमध्येही तोच चालतो. परवानगी मी ऐकून घेते आणि वापरत नाही.

मी नवी मुंबईत कोपरखैरण्यात राहते, तळमजल्याला. हॉलमध्ये सतरंजी, भिंतीला फळा, पाचवी ते नववीची पोरं. निम्मी तरी माथाडी कामगारांच्या, म्हणजे मार्केटात माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांच्या घरातली. घाऊक मार्केट मुंबईतून इकडे आलं तशी सातारा-सांगलीकडची ही कुटुंबं कोपरखैरणे-घणसोलीत स्थिरावली. मराठी माध्यम, सेमी, इंग्लिश, सगळे एकाच सतरंजीवर. शिकवणं सोपं जातं असं नाही, पण एक फायदा होतो. वेगवेगळ्या शाळांतली पोरं वर्गात काय काय करतात ते मला एकाच जागी ऐकायला मिळतं. पोरं शाळेत जे सांगत नाहीत ते क्लासमध्ये सांगतात, आणि घरी तर दोन्हीकडचं सांगत नाहीत.

यंदा सातवीतला एक आलाय. नाव लिहीत नाही, बंड्या म्हणू. वडील भाजी मार्केटला माथाडींच्या टोळीत आहेत. आई त्याची डायरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आली, कोर्टाचे कागद आणावेत तशी. "मॅडम, शेऱ्यांची पानं संपली ओ. नवीन डायरी घ्यायला लावलीय शाळेनं." वर्गात बोलतो. सारखा जागेवरून उठतो. पुस्तक आणत नाही. बाकावर डोकं ठेवून झोपतो. शेजारच्याची खोडी काढतो. प्रत्येक शेऱ्याखाली तारीख आणि विषयशिक्षकांची सही.

सह्या बघताना मला जरा गंमत वाटली, म्हणून वहीच्या मागे चिकटवलेलं वेळापत्रक काढलं आणि शेजारी ठेवलं. मराठीच्या तासाचे शेरे भरपूर. इतिहासाचे भरपूर. हिंदीचे तर विचारूच नका. गणिताच्या तासाला पूर्ण वर्षात एखाददुसरा, पी.टी.ला शून्य, चित्रकलेच्या सरांनी चक्क ‘छान’ लिहिलेलं. पोरगं मुळातच द्वाड असतं तर गणिताच्या सरांनी काय घोडं मारलं होतं? त्यांनाही प्रसाद मिळाला असता.

मग एकदा सगळे गेल्यावर त्याला सहज विचारलं, वर्गात धडा वाचून कसा घेतात रे? आणि या विषयावर बंड्या असा काही बोलायला लागला की ऐकत राहावं. बाई पहिल्या बाकापासून सुरू करतात. एकेकाने उभं राहून एकेक परिच्छेद वाचायचा. बंड्या आधी आपल्या पुढची डोकी मोजतो, मग धड्यातले परिच्छेद मोजतो. आपल्या वाट्याला कोणता येणार ते त्याला पक्कं कळतं. दोन जण उरले की हात वर, "पाण्याला जाऊ का, बाई?" बाई नाही म्हणाल्या तर कंपासपेटी पाडायची. तेवढ्यानं भागलं नाही तर शेजारच्याला कोपर मारायचं, तो ओरडतो, बाई चिडतात, आणि दोघांना बाहेर उभं करतात.

"बाहेर काढलं की सुटलो," तो म्हणाला. अगदी शांतपणे.

शिक्षा म्हणून बाई जे देत होत्या तेच त्याला हवं होतं. बाहेर उभं राहायला त्याला लाज वाटते, वाटत नाही असं नाही. जाणारे येणारे बघतात, शिपाईकाका चिडवतात. पण साठ पोरांसमोर ‘स्वातंत्र्य’ या शब्दापाशी अडकून पडण्यापेक्षा ते बरं. त्याने हिशोब केलाय आणि हिशोब चोख आहे. म्हणून तर गणिताच्या तासाला शेरे नाहीत.

मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं, मी मेथी निवडत होते, आणि इतिहासाचं पुस्तक वाचायला दिलं. समोर दुसरं कोणी नाही. ध आणि घ तो हमखास उलटसुलट वाचतो. भ आणि म तसंच, पण तिथे वाक्य अडलं की स्वतःच दुरुस्त करतो. रफार त्याच्या लेखी नसतोच, ‘दुर्लक्ष’चं ‘दुलक्ष’. लांब शब्दाचं पहिलं अक्षर बघून बाकीचा अंदाजाने ठोकतो, ‘परंतु’ला ‘परत’, ‘प्रतिकार’ला ‘प्रकार’. जोडाक्षर आलं की आवाज खाली जातो आणि शब्द गिळला जातो, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की वाचला असेल. एक परिच्छेद संपला तेव्हा कपाळावर घाम. काय वाचलंस? काही नाही. डोकं सगळं अक्षरं जुळवण्यात गेलेलं, अर्थापर्यंत पोचायला काही उरलंच नव्हतं.

तोच परिच्छेद मग मी वाचला. औरंगजेब दक्षिणेत उतरला तो भाग. एकूण एक प्रश्नाचं उत्तर आलं, वर पदरची माहिती आली, की आमचा साताऱ्याचा किल्ला पण त्याने घेतला होता आणि त्याचं नाव आझमतारा ठेवलं होतं. बरोबर आहे, १७०० सालची गोष्ट. पुस्तकात नव्हतं, वडिलांनी जत्रेला गेल्यावर किल्ल्यावर नेऊन सांगितलेलं. "लक्षच नसतं" म्हणे!

आता असं का झालं? थोडं तरी कारण सरळ आहे. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा पहिलीत होता. जोडाक्षरं पक्की व्हायची ती दुसरीत, आणि याची दुसरी मोबाइलवर गेली. घरात मोबाइल एक, आणि तो वडिलांबरोबर मार्केटला. प्राथमिकचे वर्ग पुन्हा नीट भरायला २०२२ उजाडलं, तोवर साहेब तिसरीत, आणि तिसरीच्या पुस्तकाने गृहीत धरलेलं की मुलाला वाचता येतं. पुढे प्रत्येक इयत्तेच्या पुस्तकाने तेच गृहीत धरलं. वरच्या वर्गात ढकलायचं धोरण होतंच. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी-आठवीला परीक्षा घ्यायची मुभा मिळाली, आपल्याकडे ती सुरूही झाली, पण परीक्षेत पास होणं आणि वाचता येणं यांच्यात बरंच मोठं अंतर आहे, आणि पोरं न वाचताही पास होतात. पाठांतर, रिकाम्या जागा, जोड्या लावा.

एकटा बंड्याच असं समजायचं कारण नाही. ‘असर’ म्हणून जी घरोघरची पाहणी होते तिच्या २०२२च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना नाही. ती पाहणी फक्त ग्रामीण भागाची असते. शहरातले आपण त्यामुळे निवांत असतो. माझ्या सतरंजीवर बसून बघा एकदा.

शाळा बंद होत्या हे एकच कारण पुरेसं आहे असंही मी म्हणत नाही. पहिल्यांदा डोळे तपासा, कान तपासा, हे मी प्रत्येक आईला सांगते. पोराला फळा दिसत नाही हे नववीत कळलेली घरं मी बघितलीयत. डोळे-कान ठीक आणि सराव देऊनही गाडी हलत नसेल तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन-गणित अडतं त्याची, तपासणी करून घ्यावी. आठ वर्षांच्या आत पक्कं निदान करत नाहीत, त्यानंतर करतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती अक्षमता आहे, आणि दाखला असेल तर दहावीच्या बोर्डाला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. मात्र दाखला ठरावीक सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांतूनच घ्यावा लागतो. सायनच्या रुग्णालयात जाऊन नंबर लावायचा म्हणजे वडिलांचा खाडा, त्यात दोन-तीन फेऱ्या. बंड्याच्या आईला मी हे सांगितलं तर ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, "मॅडम, गावाकडं कळलं तर पोराला येडं म्हणतील." दाखला कपाटात ठेवायचा असतो, गावाला दाखवायचा नसतो, असं मी म्हटलं. अजून गेलेली नाही. मी मागे लागलेय.

तोवर वाचनाचं काय करायचं? सातवीतल्या पोराच्या हातात दुसरीचं पुस्तक द्या, तो दुसऱ्या दिवशी क्लास सोडेल, आणि मी त्याला दोष देणार नाही. माझ्याकडे पाच ते सहा छोटी मुलं असतात, शेजारच्या दोन बिल्डिंगमधली, पहिली-दुसरीची. बंड्याला म्हटलं, मला कुकर लावायचा असतो, तू जरा आधी येऊन यांना गोष्ट वाचून दाखव. त्यात गोष्टी दुसरीच्याच. छोटी पोरं कोणाच्या उच्चारातल्या चुका काढत नाहीत, त्यांना पुढे काय झालं एवढंच हवं असतं. उलट "दादा, परत!" म्हणतात. मग तीच गोष्ट चार-चार वेळा. चौथ्यांदा वाचताना रफार कुठून आला कोण जाणे, पण आला. आता तो आदल्या दिवशी पुस्तक घरी मागून नेतो. सांगतो की बघायला नेतोय, चित्रं.

इथे एक सांगायलाच हवं. बंड्या निदान गोंधळ घालतो म्हणून कोणाच्या तरी नजरेत आला. माझ्याकडे सहावीतली एक मुलगी आहे, तिच्या डायरीत एकही शेरा नाही. अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचं इतकं सुबक उतरवते की बाई तिची वही वर्गात फिरवतात. मी तिला तिच्याच वहीतली ओळ वाचायला सांगितली. ती हसली. पुन्हा सांगितली, पुन्हा हसली. तिला अक्षरं काढता येतात, वाचता फार कमी येतात. चित्र काढावं तसं ती फळा काढते. घरी सगळे खूश, शाळेत सगळे खूश. बंड्यापेक्षा मला तिची काळजी जास्त आहे, कारण तिच्याबद्दल तक्रार घेऊन कोणीच येणार नाही. तिच्या आईला सांगितलं तर तिचा चेहरा असा झाला की मी तिच्या पोरीवर काही आळच घेतेय.

मोबाइलबद्दल लिहीत नाही. सगळे लिहितात, आणि पोराने हातात मोबाइल घेतला नाही म्हणून त्याला जोडाक्षर आलं असं माझ्या पाहण्यात नाही. झोपेबद्दल मात्र बोलायला हवं. भाजी मार्केटला गाड्या रात्री लागतात, वडील अडीच-तीनला उठतात. एका खोलीच्या घरात एक उठला की सगळे उठतात. आणि बंड्याची शाळा सकाळची, सातची. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असं सरकारने २०२४मध्ये ठरवलं, ठीकच केलं. सातवीतल्याला झोपेची गरज नसते असं कोणी ठरवलं? ‘बाकावर डोकं ठेवतो’ हा शेरा त्यातलाच.

सप्टेंबरमध्ये त्याच्या आईबरोबर मी शाळेत गेले, तिला एकटीला जायचं धाडस होईना. वर्गशिक्षिका मराठीच्याच बाई. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असं कायद्यात आहे, बाईंच्या वर्गात साठच्या वर. त्यात मतदार यादीचं काम. बाई वाईट नाहीत, थकलेल्या आहेत. मी डायरी आणि वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवलं. त्या बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "अहो, हा पाण्याला जातो तो नेमका तेव्हाच का!" मी एवढीच विनंती केली, की याला अचानक उभं करू नका, कोणता परिच्छेद वाचायचा ते आदल्या दिवशी सांगा. बाईंनी ऐकलं. बंड्या तो परिच्छेद माझ्याकडे घेऊन आला, छोट्या पोरांना वाचून दाखवला, त्यांना काही कळलं नाही पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात वाचला. दोनदा अडखळला, मागून कोणीतरी हसलं, बाईंनी हसणाऱ्याला पुढचा परिच्छेद दिला.

मराठीचे शेरे त्यानंतर कमी झालेत. इतिहासालाही त्याच बाई, त्यामुळे तिथेही. हिंदीच्या सरांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही, तिथे जोरात चालू आहेत. दिवाळीची सुट्टी संपली की त्यांना भेटायचंय. त्याच्या आईला म्हटलं, या वेळी तुम्ही बोला वहिनी, मी नुसती शेजारी बसते.