गुडघ्यावरची पूड

मॉनिटरवर ऑक्सिजन 99 टक्के दिसत होता आणि मावशी धापा टाकत होत्या. वय साठीच्या आसपास. सकाळपासून डोकं जड, चक्कर, दोनदा उलटी. आता बीपी उतरलेलं आणि बोलणं असंबद्ध. ईसीजीत हार्ट अटॅकचं काही नव्हतं. रक्तात लॅक्टेट (पेशी ऑक्सिजनविना काम करू लागल्या की साठणारा पदार्थ) मात्र भयंकर वाढलं होतं.

सिस्टरने शिरेतून रक्त घेतलं ते लालभडक. "मॅडम, आर्टरी लागली का?" तिने विचारलं. सुई आर्टरीत, म्हणजे धमनीत, गेली नव्हती. शिरेतलं रक्त काळपट असायला हवं, कारण पेशींनी त्यातला ऑक्सिजन वापरलेला असतो. इथे रक्तात ऑक्सिजन भरपूर होता, पेशींना तो वापरताच येत नव्हता. सायनाइडमध्ये असं होतं.

"सकाळी काय खाल्लं होतं?" मी मुलाला विचारलं.

"पोहे. आणि त्यांची ती गुडघ्याची पूड."

सुनेने घरून डबा आणला. झाकण उघडलं तसा आइस्क्रीममधल्या बदामाच्या इसेन्सचा वास आला. भाचीने लडाखहून जर्दाळूच्या कडू बिया आणल्या होत्या. तिकडे त्यांचं तेल काढून अंगाला, केसांना लावतात. मावशींनी गुडघेदुखीसाठी बिया मिक्सरमधून काढल्या आणि त्या दिवशी दोन मोठे चमचे पाण्याबरोबर घेतल्या.

हायड्रॉक्सोकोबालामिन हे उत्तम प्रतिविष आमच्याकडे नव्हतं. सोडियम थायोसल्फेट डायलिसिस विभागात मिळालं. मास्कने पूर्ण ऑक्सिजन चालू ठेवून 12.5 ग्रॅम शिरेतून सावकाश दिलं. त्याने सायनाइडचं कमी विषारी थायोसायनेट होतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. संध्याकाळपर्यंत लॅक्टेट उतरलं, मावशींनी मुलाला नावाने हाक मारली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "यात लिहिलंय, उंदरांची सूज आणि दुखणं कमी झालं. हे खोटं का?"

खोटं नव्हतं. या बियांतलं अमिग्डालिन 1830 मध्ये फ्रान्समध्ये कडू बदामातून वेगळं काढलं गेलं. उंदरांवरच्या प्रयोगात त्याने वेदना कमी झाल्या, दाह वाढवणारी रसायनंही घटली. पण त्या प्रयोगात शुद्ध अमिग्डालिन अगदी थोड्या मात्रेत स्नायूत टोचलं होतं. तेच तोंडावाटे गेलं की आतड्यातले जीवाणू ते फोडतात आणि सायनाइड मोकळं होतं. बी दळली की तिच्यातलं विकर (एन्झाइम) आधीच त्या कामाला लागतं. म्हणजे मावशींनी जे घेतलं, ते त्या प्रयोगातलं औषध नव्हतंच. मला या प्रकाराची खरी चीड येते: प्रयोग खरा सांगायचा आणि तो कसा केला ते गाळायचं. कर्करोगावर 'बी-17 जीवनसत्त्व' म्हणून हेच खपवलं गेलं. ते जीवनसत्त्व नाही. अमेरिकेत 178 रुग्णांवर अभ्यास झाला, 1982 मध्ये निष्कर्ष छापून आले: फायदा शून्य, काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2016 मध्ये सांगितलं, मोठ्या माणसाने एका वेळी तीन लहान कच्च्या बियांपेक्षा जास्त खाल्ल्या तरी सुरक्षित मर्यादा ओलांडली जाते.

मावशींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि माझ्यासमोरच भाचीला फोन लावला. "अगं, बाकीची पाकिटं कुणाकुणाला दिलीस?"

भाचीने नावं सांगितली. राउंड संपल्यावर त्या सगळ्यांना मी स्वतः फोन केले.