उपनगरातल्या विचित्र पायऱ्या

उघड्यावरचा जिना बिघडतो तो बहुतेक करून पहिल्या नाहीतर शेवटच्या पायरीला. मधल्या सगळ्या एकाच मिस्त्रीच्या हातच्या, एका मापाच्या. खालचा रस्ता मात्र दर डांबरीकरणाला थोडा वर येतो आणि 15 सेंटिमीटरची पायरी 10ची उरते. वर नवी फरशी बसली की तिथली 18ची होते. चालताना पाय दोन-तीन पायऱ्यांत माप शिकतो आणि पुढे न बघता तेच धरून चालतो. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा फरकही ठेच लागायला पुरे.

मापाचा हिशेब जुना आहे. सतराव्या शतकात फ्रेंच वास्तुविद फ्रान्स्वा ब्लाँडेलने तो मांडला: दोन रायझर (पायरीची उंची) आणि एक ट्रेड (पाऊल ठेवायची रुंदी) यांची बेरीज म्हणजे एक पाऊल. हल्ली ते 63 सेंटिमीटरच्या आसपास धरतात. रायझर 15 तर ट्रेड 33, रायझर 12 तर 39. पण उभ्या चढावर जागा वाचवायला 20चा रायझर घेतला तर ट्रेड 23वर येतो. बेरीज बरोबर, पण उतरताना पाऊल पुरतं मावत नाही, माणूस तिरका उतरतो. निव्वळ सूत्रावर विसंबलेले असे जिने टेकड्यांच्या कडेला बरेच दिसतात.

लांब पायऱ्यांची गंमत वेगळीच. उतार कमी असला की एका पायरीवर दोन पावलं बसवतात: दोन पावलांचे 126 वजा 15च्या दोन रायझरचे 30, म्हणजे ट्रेड 96. मग दर पायरीला तोच पाय चढतो आणि वर पोचेपर्यंत एकच मांडी भरून येते. तीन पावलांचा, 189 वजा 30 म्हणजे 159चा ट्रेड घेतला की पाय आळीपाळीने पडतात. जागा असेल तर तोच घ्यावा.

पाण्याचा ढाळ पुढच्या कडेकडेच हवा. 35 सेंटिमीटरच्या ट्रेडला 5 मिलिमीटर पुरतात. ढाळ आत गेला की पाणी रायझरच्या मुळाशी साचतं, शेवाळ धरतं, सांधा सुटतो. पॉलिश केलेली फरशी तर इथे नकोच. टाकी मारून खडबडीत केलेला दगड बरा.

आणि कुठेच न जाणारे जिने! 1972मध्ये टोकियोच्या योत्सुया भागात अकासेगावा गेनपेई या कलावंताला असाच एक सापडला: दोन्ही बाजूंनी चढायचं, वर दार नाही, तरी कठडा दुरुस्त केलेला. पुढे अशा निरुपयोगी पण जपलेल्या वस्तूंना त्याने थॉमासन हे एका बेसबॉल खेळाडूचं नाव दिलं. उपनगरांत दोन भूखंड एक झाले, फाटक बुजवलं, की जिना असा उरतो. तो फोडायच्या आधी मागची संरक्षक भिंत बघावी. पायऱ्या तिच्यात गुंतवून बांधलेल्या असतील तर त्यांचा तळाला टेकू असतो. त्या काढल्या की भिंत पुढे झुकू शकते.

जिना कुठवर वापरात आहे ते मात्र झिजेवरून कळतं. खालच्या पायऱ्या कडेला गोल झालेल्या आणि वरच्या धारदार, तर मधूनच कुठेतरी पायवाट फुटलेली असते. ती शोधायची तर बाजूच्या कठड्यावर हाताने गुळगुळीत झालेली जागा बघावी.